मानाचे पान



महिन्यापूर्वी व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'महागड्या भोजनगृहातील एक जेवण' असे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले, थोडे थांबले, आणि म्हणाले, "गुरुजी, खरेच हे पत्रिकेवर छापू का?" त्यांच्या संकोचाचा मला राग आला नाही. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून राजकारण, शिक्षण, धर्म, शेती अशा भारदस्त विषयांची ह्या व्यासपीठांना सवय आहे. त्या पंक्तीत हा एक पोटाचा विषय घेऊन बसणे थोडे धिटाईचेच.

परंतु विचार करा. माणूस कोणाबरोबर जेवतो, कोणाच्या हातचे जेवतो, आणि घरात आधी कोण जेवतो, ह्या तीन प्रश्नांवरून आपल्या समाजात जेवढे तंटे झाले, तेवढे शेताच्या बांधावरूनही झाले नसतील. तेव्हा विषय पोटाचा असला तरी पोटापुरता नाही. आज मी तुम्हाला एका जेवणाची हकीगत सांगणार आहे, आणि तिच्या निमित्ताने जे सुचले ते तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. गावजेवण घालावे, नदीकाठी पंगत बसवावी, असा माझा विचार होता. सौ.ना तो बोलून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "पंगत म्हणजे मलाच राबायचंय. आचारी लावला तरी डाळ निवडायची ती मीच." इतक्यात मुंबईला नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलीचा फोन आला. "अण्णा, तुम्ही दोघं इकडं या. आईला एकदा चांगल्या ठिकाणी जेवायला नेते." मी नको म्हणणार होतो, पण सौ.नी फोन माझ्या हातातून घेऊन "येतो" असे सांगून टाकले. पन्नास वर्षांत त्यांनी माझ्या वतीने परस्पर दिलेला हा पहिलाच होकार असावा.

मुलीने जे पहिले ठिकाण ठरवले होते, तिथे पुरुषांनी धोतर आणि वहाणा घालून येऊ नये असा दंडक निघाला. मी जन्मभर धोतर नेसतो. पोरीने तिथल्या तिथे नाद सोडला. त्या जागेचे नाव मी घेत नाही. त्यांचा नियम त्यांच्यापाशी. परंतु हा नियम काही एका जागेचा नव्हे. 2024 च्या जुलैत बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये मुलाबरोबर सिनेमा पाहायला आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला धोतर नेसला म्हणून दारात अडवले. बोभाटा झाला, आणि सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. ज्या देशात महात्माजी पंचा नेसून बादशहाच्या भेटीला गेले, त्या देशात हे घडावे!

दुसरे ठिकाण लोअर परळला होते, एका जुन्या गिरणीच्या आवारात. तिथे माझ्या धोतराला कोणी हरकत घेतली नाही. मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबई गाठली, आणि ठरल्या दिवशी संध्याकाळी तिथे गेलो. आवारात शिरताच मला माझे चुलते आठवले. ते परळच्या गिरणीत कामाला होते. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, आणि चाळीतल्या एका बाईकडे खानावळ लावून जेवायचे. गिरणगावातल्या अशा हजारो बायकांनी कामगारांना जेवू घातले. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे, सावकाराचा पाश सुटावा, म्हणून प्रेमा पुरव ह्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढे 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. भोंगे बंद पडले, आणि हळूहळू त्या आवारांत कचेऱ्या, दुकाने आणि भोजनगृहे आली. 'बॉम्बे कॅन्टीन' 2015 साली कमला मिलच्या आवारात निघाले. 'मास्क' नावाचे भोजनगृह 2016 साली महालक्ष्मीला एका जुन्या लोकरी गिरणीच्या जागेत सुरू झाले. 2022 साली आशियातील पन्नास उत्तम भोजनगृहांच्या यादीत त्याला 21 वे स्थान मिळाले. आपल्याकडचे धान्य, आपल्या रानभाज्या, आपले मसाले घेऊन त्यांना नवे रूप द्यावे, असा ह्या नव्या मंडळींचा प्रयत्न असतो. त्यात कष्ट आहेत, कल्पकता आहे. त्याला नावे ठेवायला मी इथे उभा नाही. चुलत्यांच्या खानावळीची आणि ह्या भोजनगृहाची जमीन एकच आहे, एवढेच आवारातून चालताना मनात येत होते.

आता अशी भोजनगृहे मुळात आली कुठून, हे थोडे सांगितले पाहिजे. फ्रेंचांच्या भाषेत 'रेस्तराँ' हा शब्द आधी एका पदार्थाचा होता. थकल्याभागल्या माणसाला तरतरी आणणारा, मांस खूप वेळ शिजवून काढलेला रस, म्हणजे रेस्तराँ. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये असा रस विकणारी दुकाने निघाली, आणि पदार्थाचे नाव दुकानाला चिकटले. त्यापूर्वी परक्या गावी गेलेल्या माणसाने खाणावळीतल्या एकाच मोठ्या टेबलाशी, ठरल्या वेळी, समोर येईल ते जेवायचे, अशी रीत होती. थोडक्यात, आपल्या पंगतीसारखेच. रेस्तराँने तीन नव्या गोष्टी आणल्या. गिऱ्हाइकाला स्वतंत्र टेबल दिले, पदार्थांची यादी किमतीसकट हातात दिली, आणि येईल त्या वेळी जेवण दिले. बोव्हिलिए नावाच्या स्वयंपाक्याने 1782 साली पॅरिसमध्ये काढलेले भोजनगृह ह्या नव्या तऱ्हेच्या थाटामाटाचा पहिला मोठा नमुना मानतात. सात वर्षांनी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. सरदारांचे वाडे उठले, त्यांचे आचारी उघड्यावर पडले, आणि त्यांतल्या कित्येकांनी भोजनगृहे काढली. जे जेवण वाड्याच्या आत होते, ते पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळू लागले.

ही गोष्ट लहान नव्हे. सरदाराच्या पंगतीला बसायला कुळ लागत होते. इथे फक्त पैसा लागत होता. पैशाची अट वाईट खरी, पण कुळाच्या अटीपेक्षा ती पुष्कळ बरी, कारण पैसा मिळवता येतो, कुळ मिळवता येत नाही. आणि वाढण्याची तऱ्हाही पुढे बदलली. पूर्वी सगळे पदार्थ एकदम मांडत. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक, गरम गरम, प्रत्येकाच्या पुढ्यात आणून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या ताटात मात्र अजून सगळे एकदम असते: वर मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात. डावे-उजवे ठरलेले, म्हणून अंधारातसुद्धा हात चुकत नाही.

आम्ही बसलो. वेटरने तिघांना तीन पत्रके दिली. मी चष्मा लावून पाहिले, तर पदार्थांची नावे आहेत, किमती कुठेच नाहीत. मला वाटले छापायच्या राहून गेल्या. मुलीच्या पत्रकात डोकावलो, तर तिने ते झटकन छातीशी धरले. तेव्हा उलगडा झाला. काही ठिकाणी अशी चाल आहे की, यजमानाच्या पत्रकात किमती असतात, पाहुण्याच्या नसतात. पाहुण्याने संकोच न करता मागावे म्हणून.

मी पुणतांब्याचा माणूस. कोरा कागद हातात आला की मला दुसरे काय आठवणार? आपल्या गावी ज्यांची समाधी आहे, त्या चांगदेव महाराजांची आख्यायिका तुम्हाला मी सांगायला नको. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने तो मोठा. ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार लिहावा, तर वयाने तो पोर. शेवटी कोरेच पत्र पाठवले. ते पाहून मुक्ताबाईंनी, इतकी वर्षे जगून हा कोरा तो कोराच राहिला, असा टोला मारला. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले, ती 'चांगदेव पासष्टी'. ह्या गोष्टीतली चांगदेवांची अडचण नीट पाहा. त्यांना मजकूर सुचत नव्हता असे नाही. कोणी कोणाला मान द्यावा, एवढेच त्यांना ठरवता येत नव्हते. त्या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

जेवण सुरू झाले. नऊ पदार्थ, एकामागून एक, अडीच तास. सौ. शाकाहारी आहेत हे मुलीने आधीच कळवले होते, आणि त्याप्रमाणे सारे बिनचूक आले. एका मोठ्या बशीत मध्यभागी रुपयाएवढी बाजरीची भाकरी आली. तिच्यावर लोण्याचा ठिपका, बाजूला ठेच्याचा टिळा. सौ. पाहत राहिल्या, आणि मुलीला हळूच म्हणाल्या, "अगं, ही भाकरी केली का भाकरीचं चित्र काढलं?" पुढे हुरडा आला, अंबाडी आली. मग एका वाटीत दोन घास भात आला. वेटर अदबीने म्हणाला, "हा काळभात, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा." माझी मान ताठ झाली! त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी गावठी बियाणे जपले, म्हणून त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या जिल्ह्याच्या मातीचे नाव त्या जागी, त्या आदराने घेतले गेले, ह्याचे मला भाताच्या चवीपेक्षाही अधिक समाधान वाटले.

बिल किती झाले हे मुलीने मला आजतागायत सांगितलेले नाही. परंतु अशा ठिकाणी माणशी पाच हजार रुपये म्हणजे काही फार झाले असे नाही. तुम्ही मनात हिशेब सुरू केला असेल, कारण मीही तो टेबलावरच केला. कांद्याला क्विंटलला हजार रुपये भाव धरला, तर एका माणसाच्या जेवणात पाच क्विंटल कांदा गेला. मग इतके पैसे घेतात कशाचे?

अन्नाचे तर नव्हेतच. अन्न त्यात थोडे असते. मुंबईच्या जागेचे भाडे आहे. मुदपाकखान्यातल्या माणसांचे पगार आहेत. टेबलांपेक्षा माणसे जास्त, असे अशा ठिकाणी सहज असते. एस्कोफिए नावाच्या फ्रेंच आचाऱ्याने 1890 पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात स्वयंपाकघराची लष्करासारखी मांडणी केली: रस्सा करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, गोड करणारा वेगळा, आणि सगळ्यांवर एक मुख्य. जगातली मोठी भोजनगृहे अजून त्याच घडीवर चालतात. तेव्हा कसब आहे, त्याचे मोल आहे. पण एवढे सगळे वजा केले तरी काही उरतेच. ते उरलेले म्हणजे मान. दारात तुमचे नाव घेऊन स्वागत होते. खुर्ची मागे ओढून बसवतात. पाण्याचा पेला रिकामा होऊ देत नाहीत. काय चालते, काय चालत नाही हे विचारतात. दोन-अडीच तास कोणीतरी तुमच्याकडे लक्ष देऊन उभे असते. मोठ्या प्रसंगाला माणसे अशा ठिकाणी जातात, ती ह्या लक्षासाठी.

आणि हे देणारी माणसे काय मोलाची असतात, हे आपण 2008 साली पाहिले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 26 नोव्हेंबरच्या रात्री अतिरेकी शिरले. 16 डिसेंबर 1903 ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेले ते हॉटेल. त्या रात्री तिथल्या आचाऱ्यांनी आणि वेटरांनी आधी पाहुण्यांना बाहेर काढले. त्यांना पळून जायची वाट ठाऊक होती, तरी ते थांबले, आणि त्यांतले कित्येक जण मारले गेले. पाहुण्याला मान देणे हा त्यांचा धंदा होता हे खरे. पण त्या रात्री धंद्यापेक्षा फार पुढची गोष्ट त्यांनी केली.

मान विकत मिळतो, हे ऐकून कोणी नाक मुरडेल. त्यांना मी आपला इतिहास आठवायला सांगेन. आपल्याकडे मान फुकट होता, पण तो सगळ्यांना नव्हता. पुण्याला पंचहौद मिशनमध्ये 1890 च्या ऑक्टोबरात काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. पाहुणचार म्हणून चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी ह्यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापवली, आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांनाही त्यापायी प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. एक पेला चहा!

त्याच महाराष्ट्रातला दुसरा चहा ऐका. कोल्हापूरला गंगाराम कांबळे नावाचा दलित समाजातला एक मनुष्य संस्थानच्या नोकरीत होता. राखीव हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला मदत करून चहाचे हॉटेल काढायला लावले. पण त्याच्या हातचा चहा घ्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्याच्या दुकानापुढे उभी करीत, चहा मागवीत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यायला लावीत. छत्रपतीने पेला हातात घेतल्यावर मानकरी नाही कसे म्हणणार? त्या एका टपरीने जे केले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते, आणि हे मी व्याख्याता असून कबूल करतो.

पुढे 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले ह्यांचा मुद्दाम उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यांवरून तिथे कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांना शिक्षा देणारा कायदा 1955 साली आला. देशाचे मूलभूत हक्क लिहिताना घटनाकारांना हॉटेलची आठवण ठेवावी लागली, ह्यातच आपल्या पंगतीचा सगळा इतिहास आला. म्हणून पैसे टाकले की कोणालाही बसता येते, ही गोष्ट मी तुच्छ मानीत नाही. धोतराला अडवणाऱ्या दाराचा मला राग येतो तो एवढ्याचसाठी की, एक अडसर मोठ्या कष्टाने काढला, तर त्याच जागी दुसरा लावायला आपण मोकळे!

आता ह्या टेबलापासून आपल्या गावच्या शिवारापर्यंत येऊ. 2017 च्या एप्रिलात आपल्या ह्याच गावच्या ग्रामसभेत ठरले की, शेतकऱ्यांनी संपावर जायचे. शेतकरी आणि संप! ऐकणारे हसले. पण 1 जूनपासून संप सुरू झाला, आणि दूध व भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला. लोण राज्यभर पसरले. 24 जूनला सरकारने सुमारे 34 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. तिच्यातून कोणाला किती मिळाले, कोणाचे किती राहिले, त्या वादात मी आज शिरत नाही. ते तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. रस्त्यावर ओतलेल्या दुधाबद्दल आपल्यातही दोन मते होती, आणि असावीतच. अन्न सांडताना शेतकऱ्याच्याच पोटात आधी कालवते. पण गिरणीच्या आवारातल्या त्या टेबलाशी बसून मला एक गोष्ट कळली. आपल्या मागण्या भावाच्या होत्या, कर्जाच्या होत्या. तरी त्यांच्या तळाशी भाव आणि मान ह्या दोन्ही गोष्टी होत्या. 'आम्ही आहोत ह्याची दखल घ्या' असे आपण म्हणत होतो. अकोल्याचे नाव घेतले तेव्हा माझी मान ताठ झाली, ती ह्याच भुकेने. मात्र पत्रकावर गावाचे नाव छापणे सोपे. त्या नावाबरोबर भातालाही वाजवी भाव पोचला तरच तो मान खरा, नाहीतर ती नुसती शोभा.

इतके सगळे मी मोठ्या तावातावाने सांगितले. आता जे सांगायचे आहे ते सांगताना माझा आवाज थोडा खाली येईल, त्याला इलाज नाही.

पहिला पदार्थ आला तेव्हा वेटरने बशी प्रथम सौ.च्या पुढे ठेवली, मग मुलीच्या, मग माझ्या. बायकांना आधी वाढायची तिथली रीतच आहे. मी खायला सुरुवात केली. दोन घास झाल्यावर पाहिले, तर सौ. हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेल्या. मला वाटले पदार्थ आवडला नाही. मुलगी म्हणाली, "आई, घे ना." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या की." आणि बोलता बोलता आपल्या बशीतला अर्धा भाग उचलून त्यांनी माझ्या बशीत ठेवला.

वेटर तरुण मुलगा होता. तो वाकून म्हणाला, "आजी, हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही सुरू करा, मी थांबतो." आणि तो खरेच थांबला. सौ.नी पहिला घास घेतला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मी बाहेर काचेकडे पाहत राहिलो.

पन्नास वर्षे! आमच्या घरात आधी माझे वडील आणि भाऊ, मग मी, मग मुले, पाहुणे, गडीमाणसे, आणि सगळ्यात शेवटी त्या. चुलीपाशी, उरलेल्या भाकरीवर, पातेल्याच्या तळाशी राहिलेले कालवण घेऊन. मी शाळेत मुलांना समता शिकवली. शाहू महाराजांच्या चहाची गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल, ह्याला गणती नाही. आणि घरी येऊन पाटावर बसलो की, ताट आपोआप पुढे येत होते. तुझे झाले का, हे विचारावे असे मला सुचले नाही. चांगदेवांचे पत्र कोरे राहिले ते मायना ठरेना म्हणून; त्यांना निदान तो प्रश्न तरी पडला होता. माझे पत्र पन्नास वर्षे कोरे राहिले, कारण मला प्रश्नच पडला नाही. आणि एका परक्या पोराने, पगार घेऊन का होईना, जो मान दिला, तो मला घरात एक पैसा न खर्चता रोज देता आला असता.

परतताना गाडीत मी विचारले, "कसं वाटलं जेवण?" त्या म्हणाल्या, "जेवण काय, बरं होतं. पोट काही भरलं नाही. पण अहो, मला कुणीतरी विचारलं, काय आवडतं म्हणून." एवढे बोलून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

तेव्हा मंडळी, ही चैन आहे का, असे जर मला विचाराल, तर मी म्हणेन, कर्ज काढून गेलात तर चैन, आणि नुसते दाखवायला गेलात तरी चैन. लग्नात आपण हजार पाने उठवतो, त्यांतली कित्येक अर्धी टाकून दिलेली असतात; त्याला आपण रीत म्हणतो आणि ह्याला चैन, हे काही न्यायाचे नाही. ऐपत असेल तर आयुष्यात एकदा जरूर जा. पण आपल्या घरात जी व्यक्ती सगळ्यांत शेवटी जेवते, तिला घेऊन जा. धोतर नेसून जा. किंमत विचारायला लाजू नका. बिल नीट वाचा. सेवाशुल्क आपोआप लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 च्या जुलैत काढल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या उचलून धरल्या. वाढणाऱ्याला जे द्यायचे ते राजीखुशीने त्याच्या हातात द्या, आणि त्याच्याशी दोन शब्द बोला. आम्ही निघताना त्या मुलाला गाव विचारले. वैजापूरकडचा निघाला. घरी दोन एकर कोरडवाहू, म्हणून मुंबईला आला. म्हणजे पिकवणाराही आपलाच आणि वाढणाराही आपलाच. टेबलाशी बसलेले आपण तेवढे त्या दिवशी नवखे होतो.

आणि जाणे जमले नाही तरी काही बिघडत नाही. तिथे जे विकत मिळते, त्यातला उत्तम भाग आपल्या घरी आहे. तो फक्त वाढायचा राहिला आहे.

मुंबईहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सौ.ना म्हटले, "आज तुम्ही आधी बसा, मी वाढतो." त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले, पण बसल्या. मी भाकरी वाढली, भाजी वाढली, मीठ विसरलो, आणि आमटी ताटाबाहेर सांडली. त्या म्हणाल्या, "राहू द्या, तुम्हाला वाढता येत नाही." खरे होते ते. पन्नास वर्षांत शिकलोच नव्हतो. अजूनही मला नीट जमत नाही. पण मीठ आता विसरत नाही, आणि त्याही आता हात मांडीवर ठेवून थांबत नाहीत.

 रात्र बरीच झाली आहे. घरी ताटे झाकून ठेवली असतील. आज गेल्यावर ते ताट ज्याने झाकून ठेवले, त्याला आधी विचारा, आणि मग बसा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.